पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरील चिठ्ठ्या व त्यांचा उरलेला गोंद

उन्हाळ्याच्या सुटीनंतर शाळा उघडली की शिक्षक ग्रंथपेटी उघडतात, पुस्तके बाहेर काढतात आणि नोंदवहीशी ताडून पाहतात. या वेळी एक गोष्ट पुष्कळ शाळांतून आढळते. दोन-चार पुस्तके एकमेकांस चिकटून बसलेली असतात. ती ओढून सोडवावी तर एकाच्या मुखपृष्ठावरील रंगाचा पोपडा दुसऱ्याच्या पाठीवर येतो. कारण शोधू गेल्यास असे दिसते की, तेथे पूर्वी किमतीची अथवा क्रमांकाची चिठ्ठी लावलेली होती. ती कोणी तरी अर्धवट ओढून काढली आणि तिच्यामागचा गोंद तसाच राहिला.

ही बाब वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु तिचे परिणाम क्षुल्लक नाहीत. चिकट जागेवर धूळ बसून काळा डाग पडतो. असे पुस्तक मूल आवडीने हाती घेत नाही. शिक्षक ते स्वच्छ करू पाहतात, पण पात्याने खरवडताना किंवा हाती आलेल्या एखाद्या द्रवाने पुसताना चित्रच निघून जाते. मग पुस्तकाच्या नुकसानीचा जाब द्यावा लागेल या धास्तीने ते कपाटात मागे सरते आणि तेथेच राहते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या 2009 च्या कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे व त्यात गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे ठरवून दिले आहे. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यांतही पहिले स्थान ग्रंथाच्या वापराला दिले. कुलपात सुरक्षित राहिलेल्या पुस्तकाने हा हेतू साधत नाही. यास्तव चिठ्ठी व गोंद काढण्याची बिनधोक रीत प्रत्येक शिक्षकास अवगत असणे अगत्याचे आहे.

या कामाचे मुख्य तत्त्व एकच आहे. आधी गोंद ओळखावा, मग मुखपृष्ठ ओळखावे आणि त्यानंतरच उपाय योजावा. एका पुस्तकाला मानवणारा उपाय दुसऱ्या पुस्तकाचा नाश करू शकतो. उरलेला गोंद पुढच्या आठवड्यातही काढता येतो. फाटलेले चित्र मात्र परत येत नाही.

गोंदाचे प्रकार

शाळेतील पुस्तकांवर साधारणतः तीन तऱ्हेचे गोंद आढळतात.

पहिला प्रकार म्हणजे पिठाची खळ किंवा झाडाचा डिंक. यात पाणी असते. पाणी उडून गेले की गोंद वाळून कडक होतो व कागद धरून ठेवतो. अशा गोंदाचा अवशेष कोरड्या बोटास चिकटत नाही. तो खरखरीत कवचासारखा लागतो. बोट किंचित ओले करून फिरविल्यास मात्र तो बुळबुळीत होतो. हीच त्याची खूण. हा गोंद पाण्याने सुटतो. खळीतील पीठ झुरळे व कसर यांचे खाद्य असल्याने तिचे अवशेष पुस्तकावर ठेवणे इष्ट नसते.

दुसरा प्रकार हल्लीच्या स्टिकरचा. अमेरिकेत स्टॅन्टन ॲव्हरी यांनी 1935 मध्ये अशा आपोआप चिकटणाऱ्या चिठ्ठ्या तयार करण्यास प्रारंभ केला. त्यापूर्वी, 1930 मध्ये, तेथेच रिचर्ड ड्र्यू यांनी पारदर्शक चिकटपट्टी तयार केली होती. या दोहोंचा गोंद खळीहून अगदी निराळ्या स्वभावाचा असतो. तो रबरासारख्या किंवा ॲक्रिलिक जातीच्या पदार्थात राळेसारखे चिकट द्रव्य मिसळून केलेला असतो आणि तो कधीच वाळत नाही. तो वस्तुतः अतिशय दाट असा द्रवच होय. दाबले की तो पृष्ठभागाच्या बारीक खाचाखोचांत शिरतो आणि जसजसे दिवस जातात तसतसा अधिक खोल जातो. उन्हाळ्यात तो पातळ होऊन चिठ्ठीच्या कडेबाहेर ओघळतो. पेटीतील पुस्तके सुटीत एकमेकांस चिकटतात ती यामुळेच. हा गोंद बोटास चिकटतो, चोळल्यास त्याच्या वळ्या होतात आणि साध्या पाण्याचा त्याच्यावर परिणाम होत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे जुन्या चिकटपट्टीचा डाग. दुसऱ्या प्रकारचा गोंद अनेक वर्षे कागदात राहिला की हवेतील प्राणवायूच्या योगाने तो पिवळा, पुढे तपकिरी व ठिसूळ होतो. पट्टी गळून पडते, डाग राहतो. कागदाच्या तंतूंत मुरलेल्या या डागावर शाळेत करण्याजोगा उपाय नाही. त्यास हात न लावणे हेच शहाणपणाचे होय.

मुखपृष्ठाची परीक्षा

गोंद ओळखल्यावर मुखपृष्ठाकडे वळावे. आजकालच्या बहुतेक बालपुस्तकांच्या मुखपृष्ठावर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा चढविलेला असतो. त्यास लॅमिनेशन म्हणतात. काही मुखपृष्ठे नुसत्या गुळगुळीत कागदाची असतात. जुन्या पुस्तकांचा पुठ्ठा साध्या कागदाने किंवा कापडाने मढविलेला असतो.

यांतील भेद पाहण्यासाठी मागील पृष्ठाच्या खालच्या कोपऱ्यावर काडीच्या टोकाने पाण्याचा एक बारीक थेंब ठेवावा. थेंब मोत्यासारखा तसाच राहिला तर वर प्लॅस्टिकचा पापुद्रा आहे असे समजावे. थेंबाखालचा भाग गडद होऊ लागला तर कागद किंवा कापड उघडे आहे. थेंब लगेच टिपून घ्यावा. पापुद्रा असलेले मुखपृष्ठ थोडे पाणी व थोडे तेल सहन करते. उघड्या कागदास तेल मुळीच सहन होत नाही. एकदा पडलेला तेलकट डाग पुन्हा जात नाही.

चिठ्ठी काढण्यापूर्वी ती वाचावी. तिच्यावर दाखल क्रमांक असेल, देणगीदाराचे नाव असेल किंवा जुन्या वाचनालयाचा शिक्का असेल, तर ती माहिती प्रथम ग्रंथ दाखल नोंदवहीत उतरवून घ्यावी. जुन्या पुस्तकावरील अशी चिठ्ठी पुस्तकाच्या इतिहासाचाच भाग असते. ती त्रासदायक नसेल तर राहू द्यावी.

चिठ्ठी सोडविण्याची रीत

स्टिकर ऊब लागली की सुटतो, कारण उष्णतेने त्याचा गोंद मऊ होतो. सपाट बुडाच्या तांब्यात गरम पाणी भरून तो चिठ्ठीवर पातळ सुती कापड घालून अर्धा-एक मिनिट ठेवावा. पूर्वी कपड्यांस इस्त्री करण्यासाठी घरोघरी तांब्याचा असा उपयोग होत असे. तांब्याचे बूड बाहेरून कोरडे असावे. पाणी उकळते नसावे. फार उष्णतेने प्लॅस्टिकच्या पापुद्र्याला फोड येतात. विस्तवावर किंवा दिव्यावर पुस्तक कधीही धरू नये.

नंतर चिठ्ठीचा एक कोपरा नखाने अथवा प्लॅस्टिकच्या जुन्या पट्टीच्या कडेने उचलावा. चिठ्ठी सरळ वर ओढू नये. ती मागे दुमडून, मुखपृष्ठाला जवळजवळ समांतर ठेवून, अगदी सावकाश ओढावी. घाईने वर ओढल्यास गोंदाऐवजी कागदाचा थर सुटतो. कागदाचे तंतू उचलले जाताना दिसले की तत्काळ थांबावे, पुन्हा ऊब द्यावी व दुसऱ्या कोपऱ्याकडून प्रारंभ करावा.

कित्येकदा चिठ्ठीचा वरचा थर निघतो आणि खालचा पांढरा थर गोंदासह राहतो. मुखपृष्ठ पापुद्र्याचे असल्यास त्यावर ओले करून पिळलेले फडके पाच मिनिटे ठेवावे. कागदाचा थर भिजून बोटाने चोळताच निघतो व फक्त गोंद उरतो. कागद आणि गोंद एकाच वेळी काढण्याची खटपट करू नये.

उरलेला गोंद काढणे

उपाय सौम्याकडून तीव्राकडे योजावेत. पहिला उपाय नेहमी कोरडा असावा. स्वच्छ अंगठ्याने किंवा मऊ खोडरबराने गोंद कडेकडून मध्याकडे हलकेच चोळावा. गोंदाच्या वळ्या होतात. त्या वरचेवर झटकाव्यात. नवीन स्टिकर लवकर काढला असेल तर एवढ्याने काम भागते. पापुद्र्याच्या मुखपृष्ठावर चिकटपट्टीचा ताजा तुकडा गोंदावर दाबून चटकन उचलल्यानेही पुष्कळसा गोंद निघून येतो. उघड्या कागदावर मात्र पट्टी लावू नये. गोंदाबरोबर छपाईही उचलली जाईल.

एवढ्याने न निघाल्यास, आणि मुखपृष्ठ पापुद्र्याचेच असल्यास, तेल वापरावे. कापसाच्या बोळ्यावर गोड्या तेलाचे किंवा खोबरेल तेलाचे दोन-तीन थेंब घेऊन ते फक्त गोंदावर लावावे व पाच-दहा मिनिटे थांबावे. खोबरेल तेल सुमारे 24 अंश सेल्सियसच्या खाली गोठते, म्हणून थंडीच्या दिवसांत गोडे तेलच सोयीचे. तेल गोंदात शिरून त्याची पकड सैल करते. नंतर कोरड्या फडक्याने गोंद पुसून घ्यावा. पुढे साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने तेल पुसावे, शेवटी साध्या ओलसर व मग कोरड्या फडक्याने पुसावे. पुस्तकाच्या कडांपासून तेल कटाक्षाने दूर ठेवावे. पापुद्रा वरून अभेद्य असला तरी कडेने तेल आतील कागदात शिरते.

तेलाने न सुटणारा गोंद स्पिरिटने बहुधा सुटतो. औषधाच्या दुकानात मिळणारे स्पिरिट किंवा 2020 सालच्या साथीनंतर पुष्कळ शाळांत शिल्लक राहिलेले हात निर्जंतुक करण्याचे द्रव्य यासाठी चालते, कारण त्यातही मद्यार्कच असतो. काडीच्या टोकास गुंडाळलेल्या कापसावर थोडेसे घेऊन आधी मागील पृष्ठाच्या कोपऱ्यावर लावून पाहावे. कापसास रंग लागला तर तेथेच थांबावे. रंग न लागल्यास गोंदावर हलके फिरवावे व लगेच पुसून काढावे. हातांच्या द्रव्यात ग्लिसरीनसारखे पदार्थ मिसळलेले असतात, म्हणून त्यानंतर ओलसर फडक्याने जागा पुसावी. मद्यार्क झटकन पेट घेतो. हे काम शिक्षकांनी स्वतः, खिडक्या उघड्या ठेवून आणि आहार शिजविण्याच्या जागेपासून दूर करावे. बाटली मुलांच्या हाती देऊ नये.

खळ अथवा डिंक असेल तर तेल व स्पिरिट दोन्ही निरुपयोगी होत. तेथे पाणीच पाहिजे. पापुद्र्याच्या मुखपृष्ठावर ओलसर फडके पुरते. साध्या पुठ्ठ्यावर थेट पाणी लावल्यास पुठ्ठा फुगतो. अशा वेळी घट्ट खळीचाच पातळ लेप जुन्या खळीवर द्यावा. नवीन खळ आपले पाणी हळूहळू सोडते. त्यामुळे जुनी खळ मऊ होते, पण पुठ्ठा भिजत नाही. पाच-दहा मिनिटांनी दोन्ही खळी बांबूच्या बोथट पट्टीने एकदमच उचलाव्यात. जागा ओलसर कापसाने टिपावी, वर कोरा कागद घालून पुस्तक वजनाखाली रात्रभर ठेवावे. वर्तमानपत्राचा कागद वापरू नये, कारण त्याची शाई ओल्या पुठ्ठ्यावर उतरते. रंगीत कापडाच्या बांधणीवर हा प्रयोग करू नये. पाण्याने कापडाचा रंग फुटतो.

उघड्या कागदावर स्टिकरचा गोंद उरला आणि खोडरबराने गेला नाही, तर तो काढण्याचा हट्ट सोडावा. त्यावर अंगाला लावण्याची पावडर कापसाने टिपावी व जादा पावडर मऊ कुंचल्याने झटकावी. गोंद राहतो, पण त्याचा चिकटपणा मरतो. वर खाकी कागदाचे वेष्टन घालावे. पुस्तक पुन्हा वाचण्याजोगे झाले म्हणजे काम झाले. पावडरीऐवजी घरातील पीठ वापरण्याचा मोह टाळावा. ते किडीला आमंत्रण देते.

काय करू नये

दाढीचे पाते, चाकू व काचकागद यांचा उपयोग करू नये. त्यांनी पापुद्रा चिरतो आणि त्या चिरेतून पुढे ओल व तेल आत जाते. नखांचे रंग काढण्याच्या द्रवात बहुधा ॲसिटोन असते. ते छपाईची शाई विरघळविते व काही प्लॅस्टिकही खाते. ते पुस्तकांजवळ आणू नये. रॉकेल व पेट्रोल यांनी गोंद निघतो हे खरे, परंतु शाळेच्या आवारात त्यांचा वापर धोक्याचा आहे आणि रॉकेलाचा वास पुस्तकात दीर्घकाळ राहतो. एकच पुस्तक लागोपाठ अनेक उपायांनी छळू नये. एक उपाय करून जागा पूर्ण वाळू द्यावी, मगच दुसऱ्याचा विचार करावा. हस्तलिखिते, लेखकाची स्वाक्षरी असलेली व फार जुनी पुस्तके यांवर कोणताच प्रयोग न करता ती स्वच्छ कागदात गुंडाळून वेगळी ठेवावीत.

वस्तुपाठाची संधी

हे काम शिक्षकाने एकट्याने शाळा सुटल्यावर उरकावे असे नाही. त्यातून विद्राव्यतेचा उत्तम वस्तुपाठ घेता येतो. निरुपयोगी झालेल्या वह्यांच्या गुळगुळीत वेष्टनांचे तुकडे घ्यावेत. काहींवर चार दिवस आधी खळीने व काहींवर स्टिकरने चिठ्ठ्या लावून ठेवाव्यात. पाठाच्या वेळी चिठ्ठ्या काढून उरलेल्या गोंदावर मुलांकडून एका जागी पाणी व दुसऱ्या जागी तेल लावून घ्यावे. काय होईल याचा अंदाज आधी मुलांनी सांगावा, मग निरीक्षण फळ्यावर दोन रकान्यांत लिहावे. खळ पाण्याने सुटते, तेलाने नाही. स्टिकरचा गोंद तेलाने सुटतो, पाण्याने नाही. प्रत्येक पदार्थ आपल्या जातीच्या द्रवात मिसळतो, हा नियम मुलांच्या लक्षात व्याख्येवाचून येतो. हाताला लागलेला फणसाचा चीक पाण्याने का जात नाही आणि तेलाने का जातो, याचे उत्तरही मग त्यांचे तेच देतील.

या पाठाचा दुसरा लाभ असा की, पुस्तकाची निगा हा उपदेशाचा विषय न राहता हाताच्या कामाचा विषय होतो. आपण स्वतः स्वच्छ केलेले पुस्तक मूल जपून हाताळते.

पुढील खबरदारी

हा प्रश्न पुन्हा उद्भवू नये म्हणून मुखपृष्ठावर स्टिकर लावण्याची पद्धतच शक्य तेथे सोडावी. दाखल क्रमांक नामपृष्ठाच्या मागील बाजूस लिहावा व शाळेचा शिक्का तेथेच उमटवावा. बाहेरून क्रमांक दिसणे जरूर असेल तर पुस्तकास खाकी वेष्टन घालून क्रमांक वेष्टनावर लिहावा. चिठ्ठी लावावीच लागली तर ती साध्या कागदाची व खळीने लावावी. खळीत मोरचूद घालण्याची जुनी चाल आहे. परंतु मोरचूद विषारी असल्याने लहान मुलांच्या पुस्तकांसाठी तो वर्ज्य करावा. त्याऐवजी खळ ताजी व पातळ लावावी. देणगीदाखल आलेल्या पुस्तकांवरील किमतीचे स्टिकर पुस्तके येताच त्याच आठवड्यात काढावेत. ताजा गोंद अंगठ्यानेही निघतो, सहा महिन्यांचा मुरलेला गोंद निघत नाही. सुटीपूर्वी प्रत्येक पुस्तकावरून एकदा हात फिरवावा. जेथे चिकट लागेल तेथे पुस्तकांच्या मध्ये कोरा कागद घालावा. ग्रंथपेटी पत्र्याखालच्या उष्ण जागी ठेवू नये.

या साऱ्या कामास लागणारे साहित्य म्हणजे कापूस, सुती फडकी, एक खोडरबर, थोडे तेल, साबण आणि गरम पाण्याचा तांब्या. यापैकी कशासाठीही वेगळी मंजुरी मागावी लागत नाही. एका दुपारी आठ-दहा पुस्तके सहज होतात. मुखपृष्ठ नव्यासारखे चकाकावे अशी अपेक्षा धरू नये. एखादा फिकट डाग राहिला तरी हरकत नाही. पुस्तक हाताला चिकटत नाही, शेजारच्या पुस्तकास धरून बसत नाही आणि त्यावरील चित्र शाबूत आहे, एवढे साधले म्हणजे ते कपाटातून काढून निःशंकपणे मुलाच्या हाती द्यावे. नोंदवहीतील त्या पुस्तकासमोर पुढे ज्या नोंदी होतील, त्या कोणी केव्हा वाचावयास नेले याच्या असाव्यात.